विंडोज १० बंद झालं, मशीन मात्र ठणठणीत आहे: मराठी कामासकट लिनक्सवर कसं जावं?

ओवीघर (सातारा)

नमस्कार मंडळी,

मी साताऱ्यात गोडोलीला राहते, शाळेतून निवृत्त झाले आहे. घरी एक डेस्कटॉप आहे. आय५ सहाव्या पिढीचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबीची जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क. मुलाने नोकरी लागल्यावर घेऊन दिला होता आणि आजवर त्याने कधी दगा दिलेला नाही. सुरू व्हायला वेळ घेतो, एवढंच. पण १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे अपडेट थांबले आणि विंडोज ११साठी तपासणी केली तर हा प्रोसेसर चालणार नाही असं उत्तर आलं. पोवई नाक्याकडे एका दुकानात विचारलं तर "मॅडम, आता नवीनच घ्या" म्हणाले. चालतं मशीन भंगारात घालायला माझं मन घेत नाही.

काम काय ते सांगते, म्हणजे सल्ला देणाऱ्याला सोपं जाईल. माझी आई माण तालुक्यातली. जात्यावरच्या ओव्या तिला अफाट पाठ होत्या. ती होती तेव्हाच मी त्या वह्यांत उतरवून घेतल्या आणि मग सवडीने कॉम्प्युटरवर टाइप करत आले. सुरुवातीच्या फाइली त्या काळच्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये आहेत. तो फॉन्ट नसला की पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. अलीकडच्या फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसेल अशा पद्धतीत, आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या लाखाहून जास्त ओव्यांच्या संग्रहातल्या ओव्या आता 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. ते पाहिल्यापासून आईच्या ओव्याही अशाच एका जागी, शोधता येतील अशा ठेवायच्या हे मी मनावर घेतलं आहे.

टायपिंग मी टाइपरायटरवर शिकले, परीक्षा दिलेली आहे. बोटं त्याच कळपाटावर बसलेली आहेत, आता ती बदलणं मला नको आहे. याशिवाय लेझर प्रिंटर आहे, बँकेचं काम असतं, नातवाशी व्हिडिओ कॉल असतो. आणि आमचे मिस्टर दोन दुकानांचे हिशेब घरून टॅलीवर लिहितात, तेही याच मशीनवर.

विंडोजऐवजी टाकता येणाऱ्या लिनक्स या मोफत सिस्टीमबद्दल बरंच वाचलं. वाचून हुरूप आला, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. ज्यांनी घरच्या मशीनवर हे स्वतः केलंय त्यांनी अनुभवातलं सांगावं.

---

कोयनाकाठ (कराड)

ताई, घाई करू नका. विंडोज १०ला वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात. त्यासाठी नोंदणी करावी लागते. मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर पैसेही पडत नाहीत. सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसेल. आधी ते करून घ्या, म्हणजे डोक्यावर टांगती तलवार राहणार नाही.

दुसरा मार्ग म्हणजे रुफस नावाच्या मोफत प्रोग्रामने पेन ड्राइव्ह बनवून प्रोसेसरची तपासणी वगळायची आणि विंडोज ११ टाकायचं. माझ्याकडच्या तसल्याच मशीनवर चाललंय. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि फिरत्या डिस्कवर ११ फार जड जातं. वडीलधाऱ्यांच्या घरी मी हा मार्ग सुचवत नाही.

---

मार्केट यार्ड (सांगली)

ताई, तुमचं मशीन अजून बरीच वर्षं काम देईल. त्याला भंगारात घालायचा विचार सोडून द्या.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. दिवसभर सौदे, तोलाई, हमाली, पट्ट्या. रात्री जेवण झालं की कॉम्प्युटर. पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सची सीडी यायची त्या काळापासून हा नाद आहे. तेव्हा डायल-अप होतं, आणि मशीनच्या आत बसवलेले बरेच मोडेम अर्धं काम विंडोजकडून करून घ्यायचे. म्हणजे लिनक्स टाकलं की इंटरनेट गेलं, आणि इंटरनेट नाही म्हणून उपाय शोधता येत नाही. पुढे उबुंटू नावाच्या लिनक्सची सीडी पोस्टाने फुकट घरी यायची. परदेशी शिक्क्याचं ते पाकीट खणभागातल्या आमच्या घरी आलं तेव्हाचा आनंद मला आजही आठवतो. एवढी मोठी सिस्टीम, आणि कुणी पैसे न मागता सांगलीत घरपोच पाठवतंय! २०११ला उबुंटूने पडद्याची सगळी मांडणीच बदलली, तेव्हा मी मिंट नावाच्या दुसऱ्या लिनक्सवर आलो. मध्ये फेडोरा, डेबियन, अगदी जुन्या डब्यासाठी पपी, असं बरंच टाकून पाहिलं, काढलं. रोजच्या मशीनवर मिंट राहिलं.

आता माझं म्हणणं. बऱ्याच जणांना ते उलटं वाटतं, पण मी त्यावर ठाम आहे: सिस्टीम सगळ्यात शेवटी बदला. आधी विंडोजवर बसूनच रोजची सॉफ्टवेअर बदला.

कारण असं. लोक उत्साहात एका रविवारी सगळंच बदलतात. सोमवारी पान नीट छापलं जात नाही. आता दोष कुणाचा? लिहायच्या प्रोग्रामचा, फॉन्टचा, की प्रिंटरच्या ड्रायव्हरचा? काहीच उमगत नाही, आणि मंगळवारी विंडोज परत येतं. त्याऐवजी आज, आहे त्याच विंडोज १०वर, लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलसारख्या प्रोग्रामांचा मोफत संच) टाका. फायरफॉक्स ब्राउझर टाका. व्हिडिओसाठी व्हीएलसी, फोटोसाठी गिंप, आईचा आवाज कॅसेटवर असेल तर ऑडॅसिटी. हे सगळे प्रोग्राम विंडोजवर आणि लिनक्सवर सारखेच चालतात, मेन्यूही तेच. महिना-दोन महिने ओव्यांचं काम लिब्रेऑफिसमध्येच करा. त्यात हात बसला की खालची सिस्टीम बदलली तरी तुमच्या कामाच्या खिडक्या ओळखीच्याच राहतात. नवीन शिकायचं उरतं ते थोडंच: फाइली कुठे असतात, अपडेट कसे घ्यायचे, प्रिंटर कुठे जोडायचा.

आणि या महिन्या-दोन महिन्यांतच कळतं की आपलं कुठल्या प्रोग्रामवाचून अडतं. तुमच्या घरी ते टॅली आहे. त्याचं पुढे सांगतो.

दुसरं, मराठी. कुठली लिनक्स घ्यावी यावर लोक आठवडे घालवतात, पडदा कसा दिसतो यावर भांडतात. माझ्या लेखी पहिली कसोटी मराठीची. पेन ड्राइव्हवरून सिस्टीम नुसती चालवून बघायची सोय असते, डिस्कला हात न लावता. तशी सुरू करायची, लिब्रेऑफिस उघडायचं आणि एक ओळ टाइप करायची: वाऱ्यावर, सुऱ्या, श्रीकृष्ण, ज्ञानेश्वर, राष्ट्र, ॲड. यात 'ऱ्या'चा अर्धचंद्र नीट बसतोय का, 'ष्ट्र' एकसंध येतंय का, 'ॲ'च्या जागी चौकोन तर दिसत नाही ना, एवढं बघायचं. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये ते नसतंच. मग सगळा मजकूर निवडून त्याची भाषा 'मराठी' करा. नोंद केलेली असली तर फॉन्ट 'ल' आणि 'श' आपल्या मराठी वळणाचे दाखवतो, नाहीतर हिंदी वळणाचे राहतात. अनेकांना ही सोय माहीतच नसते. फॉन्टमध्ये मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' बघा, लोहित मराठी बघा. दोन्ही मोफत आहेत आणि कुणालाही पाठवायला मोकळे आहेत.

टाइपरायटरच्या कळपाटाची काळजी नको. लिनक्सवर आयबस नावाची सोय आहे, तिच्यासोबत एम१७एन हा संच टाकायचा. त्यात मराठीसाठी इनस्क्रिप्ट, फोनेटिक, आयट्रान्स, आपल्या लोकांच्या ओळखीचं गमभन, आणि तुम्हाला हवं ते रेमिंग्टनच्या धर्तीचं कळपाटही आहे. एखादी कळ इकडची तिकडे वाटेल, पण बोटांना नवीन शाळा नको. हेही पेन ड्राइव्हवरूनच तपासून घ्या.

तिसरं, डिस्क. तुमचं मशीन सुरू व्हायला वेळ घेतं याचं कारण प्रोसेसर नाही, ती फिरती हार्ड डिस्क आहे. एक एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) घ्या, २५० जीबीच्या आसपासची पुरते. कॅबिनेट उघडून जुन्या डिस्कची वायर काढायची, एसएसडीला लावायची आणि लिनक्स त्या कोऱ्या एसएसडीवर टाकायचं. विंडोज, टॅली, जुन्या फाइली, सगळं जुन्या डिस्कवर जसंच्या तसं राहतं. डिस्कचे भाग (पार्टिशन) पाडताना काही पुसलं जाईल ही भीतीच राहत नाही, कारण ती डिस्क त्या वेळी जोडलेलीच नसते. नाहीच जमलं तर वायर परत लावायची, पूर्वीचं मशीन हजर.

मिंटची २२ ही मालिका घ्या, तिला २०२९पर्यंत अपडेट आहेत. सिनॅमन नावाची आवृत्ती ८ जीबीत आरामात चालते. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू, विंडोजवरून येणाऱ्याला चुकल्यासारखं होत नाही. टाकून झाल्यावर पहिल्याच दिवशी टाइमशिफ्ट चालू करा. एखाद्या अपडेटने काही बिघडलं तर त्याने सिस्टीम आदल्या स्थितीला परत नेता येते. मात्र ते सिस्टीमसाठी आहे. ओव्यांच्या फाइलींचा बॅकअप वेगळा, बाहेरच्या डिस्कवर घ्यायचा. २०१९च्या पुरात गावभागात पाणी घुसलं तेव्हा लोकांनी आधी गाद्या आणि धान्य माळ्यावर चढवलं, आणि किती जणांचे वर्षानुवर्षांचे फोटो खालच्या मजल्यावरच्या कॉम्प्युटरमध्येच राहिले. तुमच्या आईच्या ओव्यांची एक प्रत साताऱ्याबाहेर, मुलाकडे वगैरे, असलीच पाहिजे.

---

मिरज जंक्शन (मिरज)

मी हिशेबनीस आहे, म्हणून टॅलीपुरतं बोलतो. सांगलीकरांचं बाकी सगळं पटलं.

टॅली विंडोजसाठीच बनतं. वाइन (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवायची सोय) वापरून लिनक्सवर चालवून दाखवणारे भेटतात. छपाई, निर्यात, लायसन्सची तपासणी यांपैकी काहीतरी एक अडतं, आणि ते नेमकं मार्चअखेर किंवा जीएसटीच्या तारखेला अडतं. व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे लिनक्सच्या आत उभ्या केलेल्या आभासी कॉम्प्युटरमध्ये, विंडोज बसवून त्यात टॅली चालतं, पण त्याला वेगळं विंडोज लायसन्स लागतं आणि ८ जीबीत दोन्ही सिस्टीम एकदम म्हणजे ओढाताण होते.

ताई, तुमच्या मिस्टरांचा हिशेब हा दुसऱ्यांचा हिशेब आहे. दुकानदाराने विश्वासाने दिलेला. त्यावर प्रयोग नको. वाढीव अपडेटची मुदत आहे तोवर जुन्या डिस्कवर विंडोज १० ठेवून टॅली तिथेच चालवा, आणि मुदत संपायच्या आत टॅलीपुरता विंडोज ११ चालणारा एखादा वापरलेला लॅपटॉप बघा. आठव्या पिढीपासूनचे इंटेल प्रोसेसर ११च्या यादीत आहेत. वापरलेल्या बाजारात असे ऑफिसातून निघालेले लॅपटॉप भरपूर येतात. घेताना बॅटरी आणि बिजागऱ्या बघा, बाकी चालतंय.

---

ओवीघर (सातारा)

सगळ्यांचे मनापासून आभार. मिस्टरांनाही वाचून दाखवलं. मिरजकरांचं त्यांना शंभर टक्के पटलं.

सांगलीकरांनी सांगितल्याप्रमाणे मी पेन ड्राइव्ह बनवून मिंट नुसतं चालवून पाहिलं. आवाज, वायफाय, कॅमेरा सगळं आपोआप चालू झालं. 'वाऱ्यावर' अगदी नीट दिसतंय, आणि भाषा मराठी केल्यावर 'ल' बदलला तेव्हा फार बरं वाटलं, आम्ही मुलांना फळ्यावर शिकवला तोच 'ल'. टाइपरायटरचं कळपाटही सापडलं.

दोन अडचणी. प्रिंटर यादीत दिसतो, पण कागद काही निघत नाही. आणि जुन्या फाइलींचं काय करायचं ते नीट सांगा. एका कन्व्हर्टरमधून एक पान काढून पाहिलं तर 'पहिली माझी ओवी'चं 'पिहली माझी ओवी' झालं आणि 'सर्व'चं 'सवर्'. असं शेकडो पानं दुरुस्त करत बसायचं का?

---

मार्केट यार्ड (सांगली)

नाही ताई, शेकडो पानं हाताने नाही. ही चूक का होते ते कळलं की ती आवरता येते.

जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये फाइलीत मराठी अक्षर मुळात नसतंच. तिथे इंग्रजी अक्षराचा क्रमांक असतो आणि फॉन्ट त्यावर देवनागरी आकार चढवतो. आकार डोळ्याला दिसतात त्या क्रमाने, डावीकडून उजवीकडे टाइप केलेले असतात. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डाव्या अंगाला दिसते, म्हणून ती 'ह'च्या आधी पडलेली असते. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा आहे: आधी 'ह', मग वेलांटी. चांगलं कन्व्हर्टर ती उचलून अक्षरानंतर ठेवतं. साधं कन्व्हर्टर नुसते क्रमांक बदलतं, अक्षरांचा क्रम तसाच ठेवतं, म्हणून 'पिहली'. रफाराचं याच्या उलट. डोळ्याला तो अक्षराच्या डोक्यावर, शेवटी दिसतो, पण युनिकोडमध्ये 'र्' आधी लागतो. म्हणून 'सर्व'चं 'सवर्'.

म्हणजे तुम्ही वापरलेलं कन्व्हर्टर तुमच्या फॉन्टसाठी बनलेलं नाही, किंवा अर्धवट आहे. एकाच कंपनीच्या फॉन्टच्या निरनिराळ्या पिढ्यांत आकारांचे क्रमांक वेगळे असतात. जुनी फाइल उघडून फॉन्टचं पूर्ण नाव, पुढच्या आकड्यासकट, लिहून घ्या आणि त्याच नावाचं कन्व्हर्टर शोधा. एक पान काढून वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं तपासा. तीन्ही बरोबर आली तरच पुढची पानं घाला.

पण त्याच्याही आधी एक काम करा, आणि हे मी हात जोडून सांगतो. विंडोज आणि तो जुना फॉन्ट अजून चालू आहेत तोवर प्रत्येक जुनी फाइल तिथेच उघडून तिची पीडीएफ बनवून ठेवा, फॉन्ट आत बसवलेली. पीडीएफमध्ये शोधता येणार नाही, पण मूळ पान जसं होतं तसं कुठल्याही मशीनवर दिसेल. रूपांतर तपासताना एका बाजूला ती पीडीएफ आणि दुसऱ्या बाजूला युनिकोडचं पान ठेवायचं. ओव्यांत माणदेशी उच्चार असणार. 'न्हाई', 'म्हनं', 'गेल्यात'. असे शब्द बघून उद्या कुणी हुशारीने 'दुरुस्त' करायला नको. तुमच्या आईने जसं म्हटलं तसंच राहायला हवं, आणि त्याचा पुरावा ती पीडीएफ आहे. शुद्धलेखन तपासणी या कामापुरती बंदच ठेवा.

उरलेल्या चुका लिब्रेऑफिसच्या शोधा-बदला खिडकीतून एका दमात जातात. एकच चूक सगळीकडे सारखी पडलेली असते, तेच इथे उपयोगी पडतं. मात्र 'सगळे बदला' दाबायच्या आधी पाच-सहा ठिकाणी एकेक करून बघा.

प्रिंटरचं: काही लेझर प्रिंटर स्वतः जवळजवळ काहीच करत नाहीत. पानाचं चित्र तयार करायचं काम ते कॉम्प्युटरवर ढकलतात आणि त्यासाठी कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर लागतो. लिनक्समध्ये तो नसला किंवा जुना असला की यादीत नाव दिसतं, कागद निघत नाही. तुमचा त्यातलाच दिसतो. त्यावर वेळ घालवायचा तर घालवता येतो, पण माझं मत विचाराल तर नको. घरात टॅलीसाठी विंडोज राहणारच आहे, प्रिंटर तिकडेच जोडा आणि छापायचं ते पीडीएफ करून तिथे न्या. पुढेमागे प्रिंटर बदलाल तेव्हा एअरप्रिंट चालणारा, नेटवर्कवरचा घ्या. तसल्यांना लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर लागत नाही. एचपीचे बरेच प्रिंटरही एचपीलिप या ड्रायव्हरच्या संचामुळे सरळ चालतात.

अजून एक, दोन्ही डिस्क मशीनला जोडून कधी लिनक्स, कधी विंडोज असं वापरायला लागलात की विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. सकाळी नऊ वाजता साडेतीन. घाबरायचं नाही, बॅटरी गेलेली नसते. लिनक्स मशीनच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ लिहितं आणि विंडोज तीच आपली समजतं. लिनक्सला मशीनच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवायला सांगायची एका ओळीची आज्ञा आहे, ती एकदाच द्यायची. आणि विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपलेलं असतं, आणि लिनक्समधून ती डिस्क नुसती वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही. टॅलीचा डेटा मात्र लिनक्समधून उघडूच नका, लांबूनही.

---

विश्रामबाग हॉस्टेल

काका, छान सांगितलंत. मी इंजिनिअरिंगला आहे, आमच्या खोलीवर निम्म्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. ताईंसाठी एक भर: एसएसडी घेताना कॅबिनेटमधली जागा आणि वायर बघून घ्या. सहाव्या पिढीच्या काही मदरबोर्डवर एम.२ची (वायरशिवाय थेट बोर्डात बसणाऱ्या एसएसडीची) खाच असते, काहींवर नसते. साधी २.५ इंची साटा एसएसडी सगळीकडे बसते, आणि फिरत्या डिस्कवरून आल्यावर फरक तेवढाच मोठा वाटतो. साटाची एक जास्तीची डेटा वायर सोबत घ्या, दुकानात बऱ्याचदा देत नाहीत. पुढे दोन्ही डिस्क जोडायच्या तर ती लागणारच.

---

ओवीघर (सातारा)

एसएसडी आणली, वायरही आणली. फॉन्टचं पूर्ण नाव आकड्यासकट लिहून घेतलं आणि त्याचं कन्व्हर्टर सापडलं. 'पहिली' पहिलीच आली. सध्या पीडीएफ बनवायचं काम चालू आहे, ते संपल्याशिवाय पुढे जात नाही.

एक शेवटचं विचारते. ओव्या लांबलचक फाइलीत ठेवण्यापेक्षा तक्त्यात ठेवल्या तर? एका ओळीत एक ओवी, शेजारी विषय (माहेर, भाऊराया, पंढरी, शेत), गाव, आणि वहीचा पान क्रमांक. मराठीत अकारविल्हे लावता येईल का?

---

मार्केट यार्ड (सांगली)

उत्तम विचार. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये करा. क्रमवारी लावताना त्याच खिडकीतल्या पर्यायांत भाषा मराठी निवडा, म्हणजे अकारविल्हे नीट लागते. ओवीच्या ओळी एकाच चौकोनात ठेवायच्या तर ओळ तोडायला कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबा. विषयाचे शब्द आधीच ठरवून घ्या. एकदा 'भाऊ' आणि एकदा 'भाऊराया' लिहिलं तर गाळणी लावताना निम्म्या ओव्या निसटतील. दोन विषयांची ओवी असली तर विषयाचे दोन रकाने करा.

वहीच्या पानाचा रकाना तुम्ही ठेवलाय ते फार चांगलं केलंत. त्याच्या शेजारी पीडीएफच्या फाइलीचं नावही टाका.

मूळ फाइल कॅल्कच्या स्वतःच्या ओडीएस प्रकारातच ठेवा आणि दर महिन्याला एक प्रत सीएसव्हीमध्ये काढा. सीएसव्ही म्हणजे नुसता मजकूर, तो कुठल्याही प्रोग्राममध्ये उघडतो, उद्या एखाद्या संग्रहाला ओव्या द्यायच्या झाल्या तरी तोच मागतील. सीएसव्ही काढताना एक खिडकी येते, तिथे अक्षरसंच यूटीएफ-८ निवडा. दुसरा काही राहिला तर सगळ्या मराठीची प्रश्नचिन्हं होतात. काढून झाल्यावर ती फाइल एकदा उघडून बघा आणि मगच मुलाकडे पाठवा.